कुपी जिवंत, नळी अंधारी : स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई आणि उस्मानाबादी शेळीच्या पेशी

काम तसं नेहमीचं. उस्मानाबादी शेळ्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी सीडी४ (मदतनीस टी पेशींच्या पृष्ठभागावरची खूण) असलेल्या किती, हे लस देण्याआधी आणि दिल्यानंतर फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक टिपणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. शेळीच्या पेशींवर चालते असं पडताळलेली, उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी बायोटिन जोडूनच विकत मिळाली होती. तिच्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन-फायकोएरिथ्रिन, म्हणजे बोलीत एसए-पीई, चढवायचं आणि चमक मोजायची. जानेवारीत आलेखावर सीडी४चं शिखर बाकीच्या पेशींपासून स्वच्छ वेगळं दिसत होतं. मे महिन्यात तेच शिखर डावीकडे सरकून अंधाऱ्या पेशींत मिसळलं. काही नळ्यांत मात्र ते पूर्वीसारखंच उभं होतं.

प्रयोगशाळा मराठवाड्यातली, पशुवैद्यकाचं शिक्षण देणारी. हे एकाच ठिकाणचं दप्तर नाही. अशा प्रयोगशाळांत वारंवार घडणाऱ्या चुका इथे एका कामात बसवल्या आहेत. रसायनांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत आणि कुणालाही हिशोब करून पाहता येतील.

आधी हत्यार समजून घेऊ

बायोटिन म्हणजे बी७ जीवनसत्त्व. रेणू अगदी लहान, रेणुभार २४४. अँटिबॉडीला ते जोडलं तरी तिच्या कामात फारशी ढवळाढवळ होत नाही. ते पकडणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूचं प्रथिन, सुमारे ५५ किलोडाल्टनचं. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात बायोटिनसाठी एक खोबण. ही पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट बिनसहसंयुजी बंधांपैकी आहे, विघटन स्थिरांक १०⁻¹⁴ मोलरच्या आसपास. एकदा बसलेलं बायोटिन सुटायला लागणारा वेळ तासांत नाही, दिवसांत मोजावा लागतो. पुढचं सगळं रामायण याच गुणामुळे घडलं.

चमकणारा भाग आर-फायकोएरिथ्रिन. समुद्री लाल शैवाल प्रकाश टिपायला जे प्रथिन वापरतं तेच. वजन सुमारे २४० किलोडाल्टन, आणि एका रेणूत तीसहून जास्त रंगकण. ते ४९६, ५४६ आणि ५६५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि ५७८च्या आसपास नारिंगी प्रकाश फेकतं. ५६५ला शोषण गुणांक सुमारे १९.६ लाख आणि क्वांटम यील्ड ०.८च्या वर, त्यामुळे ४८८ नॅनोमीटरचा साधा निळा लेझर असलेल्या जुन्या यंत्रावरही एसए-पीईसारखा उजेड दुसरं क्वचितच देतं. ऑय, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी १९८२ साली अशी प्रथिनं अँटिबॉडी आणि अॅव्हिडिनला जोडून पेशी मोजता येतात हे दाखवलं. तेव्हापासून फ्लोच्या कामात पीई ठाण मांडून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते भराभर विझतं. फोटो काढेपर्यंत अर्धी चमक गेलेली असते, म्हणून स्लाइडसाठी ते घेऊ नये.

अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं अॅव्हिडिन स्वस्त मिळतं, पण त्याचा समविद्युत बिंदू १०च्या आसपास, म्हणजे एरवी ते धनभारित, आणि वर साखरेच्या साखळ्या, त्यामुळे ते ऋणभारित पेशींना उगाच चिकटतं. पैसे वाचवायला तिकडे वळू नये.

मे महिन्यात काय बदललं

पहिला संशय एसए-पीईच्या कुपीवर गेला, आणि तो स्वाभाविक होता. उन्हाळा, लाईट कधी चार तास तर कधी सहा तास नाही, जनरेटरवर फक्त उणे ८०चा फ्रीझर. “मॅडम, पीई गेलं वाटतं,” यावर सगळ्यांचं एकमत झालं. नवी कुपी मागवली. थर्माकोलच्या पेटीत, जेल पॅकमध्ये, कुरिअरने आली. तिच्यावरही तोच निकाल.

दुसरा संशय हातावर. चमक दिसणाऱ्या बहुतेक नळ्या एकाच विद्यार्थिनीच्या होत्या, न दिसणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या. मग त्याची पिपेट तपासली, त्याला पुन्हा शिकवलं, शेवटी त्याच्याकडून काम काढूनही घेतलं. हे सगळं निरर्थक होतं.

कारण नोंदवहीत एका ओळीत लिहिलेलं होतं: “१२ एप्रिलपासून बफरऐवजी मीडिया.” तुळजापूर भागातून रक्त गाडीने यायला तीन-साडेतीन तास लागत. उन्हात पेशी मरत होत्या. त्या तगाव्यात म्हणून फॉस्फेट बफर सलाइनऐवजी, म्हणजे पीबीएसऐवजी, सगळी धुणी आणि रंगवणं आरपीएमआय-१६४० (पेशी जगवायचा पोषक द्रव, बोलीत मीडिया) आणि १० टक्के सीरम यांत सुरू केलं. पेशींच्या दृष्टीने सल्ला बरोबरच होता. एसए-पीईच्या दृष्टीने ते विष होतं.

हिशोब

आरपीएमआय-१६४०च्या कृतीत लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं. २४४ने भागलं की ०.८२ मायक्रोमोलर, म्हणजे ८२० नॅनोमोलर. ऐकायला किरकोळ वाटतं. आता समोरची बाजू बघू.

नळीत १०० मायक्रोलिटरमध्ये ०.२ मायक्रोग्रॅम एसए-पीई जात होतं. म्हणजे मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम. एका स्ट्रेप्टाव्हिडिनला एक पीई धरलं तर रेणुभार सुमारे ३०० किलोडाल्टन, म्हणून ६.७ नॅनोमोलर. प्रत्येकी चार खोबणी, तर एकूण २७ नॅनोमोलर खोबणी. धुतल्यावर नळी उपडी केली तरी तळाशी ५० मायक्रोलिटर मीडिया राहतो. त्यात ५० मायक्रोलिटर एसए-पीई घातलं की मोकळं बायोटिन ४१० नॅनोमोलर. म्हणजे एका खोबणीमागे पंधरा गिऱ्हाइकं.

आणि आपल्याला हवं असलेलं बायोटिन किती? दहा लाख पेशी, झाडून सगळ्या सीडी४च्या, प्रत्येकीवर ५० हजार अँटिबॉडी आणि प्रत्येक अँटिबॉडीवर चार बायोटिन असं सढळ हाताने धरलं, तरी १०० मायक्रोलिटरमध्ये ते ३.३ नॅनोमोलर भरतं. एकीकडे ४१०, दुसरीकडे ३.३. शिवाय मोकळा रेणू हलका आणि चपळ, पेशीवरचं बायोटिन जागेला खिळलेलं. खोबणी आधी कोण भरणार हे सांगायला नको. एकदा भरली की नंतर कितीही धुवा, उपयोग नाही, कारण ते सुटायला दिवस लागतात.

आता त्या विद्यार्थिनीच्या नळ्या. थंड मीडिया संपला की शेवटचं एक धुणं ती पीबीएसमध्ये उरकत असे. नळीतला ५० मायक्रोलिटर मीडिया २ मिलिलिटर पीबीएसमध्ये पातळ झाला की बायोटिन २० नॅनोमोलरवर येतं. परत उपडी करून, उरलेल्या ५०मध्ये ५० एसए-पीई घातलं की १० नॅनोमोलर. २७ खोबणींपैकी १० भरल्या, म्हणजे ३७ टक्के. चमकेतही ३७ टक्के घट यायला हवी, असं वाटेल. तसं होत नाही. पेशीला चिकटायला चारपैकी एक खोबण मोकळी असली तरी पुरते. चारही भरलेले रेणू ०.३७चा चतुर्थ घात, जेमतेम २ टक्के. तिच्या नळ्या म्हणूनच ठणठणीत दिसत होत्या.

हेच गणित दुसऱ्या टोकाला क्रूर होतं. ५० टक्के खोबणी भरल्या तर ६ टक्के रेणू बाद. ९० टक्के भरल्या तर ६६ टक्के बाद. थोडं पुढे गेलं की सगळेच. चमक उतरणीवरून घसरत नाही, कड्यावरून कोसळते. एकाच दिवशी, एकाच रॅकमध्ये एक नळी पूर्ण चमकते आणि शेजारची काळी पडते ती यामुळेच. असा निकाल पाहून माणूस हाताला दोष देतो, रसायनाला नाही.

सहा नळ्यांची चाचणी

तर्क कितीही नेटका असला तरी नळीत दाखवावा लागतो. एकाच शेळीच्या पेशी, नळीमागे दहा लाख, अँटिबॉडीचं प्रमाण सारखं. फरक फक्त द्रवाचा.

पहिली नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पीबीएस आणि १ टक्का बीएसएमध्ये (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन प्रथिन). दुसरी सगळी आरपीएमआयमध्ये. तिसरीत अँटिबॉडी आरपीएमआयमध्ये, मग पीबीएसची दोन धुणी आणि एसए-पीई पीबीएसमध्ये. चौथी सगळी डीएमईएममध्ये. हा मीडियाही अमिनो आम्लं, ग्लुकोज, जीवनसत्त्वं आणि लाल फेनॉल रंगाने भरलेला असतो, पण त्याच्या मूळ कृतीत बायोटिन नाही. त्यामुळे दोष मीडियाच्या लाल रंगाचा की बायोटिनचा, हा वाद चौथी नळी मिटवते. पाचवी पीबीएसचीच, पण एसए-पीई घालण्याआधी त्यात मुद्दाम ८२० नॅनोमोलर बायोटिन. त्यासाठी २ मिलिग्रॅम बायोटिन १० मिलिलिटर पाण्यात विरघळवावं. ते पाण्यात मोठ्या नाखुशीने विरघळतं, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब टाकावे लागतात. या द्रावणाचा १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर पीबीएसमध्ये घातला की नेमकं प्रमाण मिळतं.

सहावी नळी आरपीएमआयमध्येच, पण एसए-पीईऐवजी उंदराच्या आयजीजीला चिकटणारी पीई-अँटिबॉडी. ती बायोटिनकडे बघतही नाही. ही नळी चमकली तर पहिली अँटिबॉडी पेशीवर शाबूत बसली आहे, बिघाड तिच्या पुढच्या पायरीत आहे. ही दुसरी अँटिबॉडी बहुधा शेळीतच बनवलेली असते. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण इथे पेशीही शेळीच्याच असल्यामुळे ते सोयीचं ठरतं. शेळीच्या बी पेशींवरच्या स्वतःच्याच आयजीजीला ती सहसा धरत नाही.

पहिली, तिसरी, चौथी आणि सहावी चमकल्या. दुसरी आणि पाचवी काळ्या. पाचवीने शंका ठेवली नाही. फेनॉल नाही, सीरम नाही, फक्त बायोटिन, आणि तेवढ्याने चमक गेली.

सीरमबद्दल एक शब्द. गाईच्या सीरममध्येही बायोटिन असतं. मीडियाच्या मानाने थोडं, पण शून्य नाही. दुधाच्या पावडरीतही ते असतं. वेस्टर्न ब्लॉटसाठी ब्लॉकिंगला दूध पावडर वापरायची सवय असलेली माणसं तीच सवय स्ट्रेप्टाव्हिडिनच्या कामात घेऊन येतात आणि फसतात. इथे बीएसएच बरं.

दुसरा घोळ, फ्रिजमधला

मीडिया बदलला, चमक परतली, तरी नव्या कुपीच्या नळ्यांत एक विचित्र गोष्ट राहिली. पहिली अँटिबॉडी न घालता फक्त एसए-पीई घातलेल्या नळीत, जिथे काहीच दिसायला नको, तिथे आकाराने बारीक पण अतिशय प्रखर असे ठिपके उजव्या टोकाला जमत होते. पेशी इतक्या लहान नसतात. ते पीईचे गठ्ठे होते.

कुपी घरगुती एकदारी फ्रिजमध्ये, मागच्या पत्र्याला टेकून ठेवलेली होती. उन्हाळा म्हणून थर्मोस्टॅट टोकाला फिरवलेला. रात्री खोली निवली, दार कुणी उघडत नव्हतं, आणि मागच्या पत्र्यावर बर्फ धरला. पीई २ ते ८ अंशांवर, अंधारात ठेवायचं असतं आणि कधीही गोठवायचं नसतं. गोठताना रेणूची रचना बिघडते आणि वितळल्यावर ते एकमेकांत गुंततं. गंमत म्हणजे लाईट गेल्यावर काही तास फ्रिज कोमट झाला, याने बंद कुपीतल्या पीईचं सहसा फार बिघडत नाही. ते बऱ्यापैकी टणक प्रथिन आहे. सगळ्यांना धास्ती उष्णतेची होती. घात थंडीने केला.

तपासायला दोन सोपे मार्ग. कुपीतले २० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये पाचपट पातळ करून ५६५ आणि ४९८ नॅनोमीटरला शोषण घ्यावं. चांगल्या आर-पीईत ५६५चा आकडा ४९८च्या आकड्याहून मोठा असतो, पण दीडपटीच्या आत. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आर-पीई ५६५ला साधारण ८.२ शोषण देतं, त्यावरून कुपीत किती उरलं याचा अंदाज येतो. मात्र कुपीवरचा आकडा एकट्या स्ट्रेप्टाव्हिडिनचा की जोडीचा, हे पत्रकात आधी पाहावं. २८० नॅनोमीटरच्या भानगडीत पडू नये. टिकवण्यासाठी घातलेली बीएसए तिथे सगळा हिशोब बुडवते. मग तोच द्रव १४,००० जीवर, म्हणजे गुरुत्वाच्या १४,००० पट जोराने, दहा मिनिटं फिरवून वरचा भाग पुन्हा मोजावा. आकडा ठळक खाली आला आणि तळाशी गुलाबी ठिपका बसला, तर कुपी गोठून गेलेली आहे. फिरवून वरचा भाग वापरता येतो, पण प्रमाण पुन्हा ठरवावं लागतं आणि गठ्ठे परत बनत राहतात. कुपी टाकलेली बरी. टाकतानाही जपून, कारण त्यात सोडियम अझाइड असतं. बेसिनमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक क्षार साचू शकतात.

आता कुपी मधल्या फळीवर, थर्माकोलच्या छोट्या डब्यात, शेजारी कमाल-किमान तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर. सकाळी आल्या आल्या किमानचा आकडा पाहायचा. सगळे कमालच पाहतात.

दुरुस्त केलेली पद्धत

रक्त हेपरिनमध्ये, ५ मिलिलिटर. ते पीबीएसने दुप्पट करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर, म्हणजे पेशींचे थर वेगळे करणाऱ्या जड द्रवावर, अलगद सोडावं आणि ४०० जीवर ३० मिनिटं फिरवावं, ब्रेक बंद ठेवून. फायकॉल आणि रक्त दोन्ही १८ ते २० अंशांवर हवं. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, थंड न होणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर घनता हलते आणि थर विस्कटतात. शेळीच्या तांबड्या पेशी पाळीव जनावरांत सर्वांत लहान, जेमतेम ३ ते ४ मायक्रॉनच्या, त्यामुळे लिम्फोसाइटच्या थरात त्या घुसतातच. ०.८३ टक्के अमोनियम क्लोराइडने पाच मिनिटांत त्या फोडाव्यात आणि लगेच धुवावं.

प्रवासात किंवा थांबवून ठेवताना पेशी आरपीएमआयमध्ये राहिल्या तर हरकत नाही. अँटिबॉडीवरचं बायोटिन सहसंयुजी बंधाने जोडलेलं असल्यामुळे तीही मीडियात चालते. पण एसए-पीईच्या आधी पीबीएस, १ टक्का बीएसए आणि २ मिलिमोलर ईडीटीए यांत दोन धुणी, प्रत्येक २ मिलिलिटरचं, ३०० जीवर पाच मिनिटं. दुसऱ्या धुण्यानंतर नळीत मोकळं बायोटिन पाव नॅनोमोलरच्या आसपास उरतं, म्हणजे एक टक्का खोबणीही अडत नाहीत. एका धुण्याने भागतं हे वर दिसलं, पण ते उरलेला द्रव ५० मायक्रोलिटरच असेल तर. घाईत तो दीडशे राहिला की कडा ओलांडलाच जातो.

एसए-पीईचं प्रमाण कुपी बदलली की पुन्हा ठरवावं: नळीमागे १, ०.५, ०.२५, ०.१२ आणि ०.०६ मायक्रोग्रॅम. सोबत प्रत्येक पातळीवर अँटिबॉडी नसलेली नळी. सर्वांत जास्त चमकणारी पातळी निवडू नये, दोन शिखरांत सर्वांत जास्त अंतर पाडणारी निवडावी. बर्फावर, अंधारात २० मिनिटं पुरतात. मेलेल्या पेशी वेगळ्या काढायला प्रोपिडियम आयोडाइड नको, त्याची चमक पीईच्या अंगावर येते. ७-एएडी घ्यावं आणि कॉम्पेन्सेशन, म्हणजे दोन रंगांची सरमिसळ वजा करणारी दुरुस्ती, लावावं. पेशी पक्क्या करायच्या तर १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड चालतं. मिथेनॉल पीईचं प्रथिन बिघडवून चमक घालवतं, म्हणून मिथेनॉलची पायरी असेलच तर ती एसए-पीईच्या आधी उरकावी.

मीडियातच रंगवणं भाग असेल, पेशी फार नाजूक असतील, तर डीएमईएम. पण सीओ₂ इन्क्युबेटरबाहेर बायकार्बोनेटमुळे तो आम्लारी होत जातो, म्हणून २० मिलिमोलर हेपीस घालावं.

जाता जाता. हाच खेळ माणसांच्या रक्ततपासणीतही होतो. केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, दिवसाची गरज फक्त ३० मायक्रोग्रॅम. स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या थायरॉइडच्या काही चाचण्यांत त्याने टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ आणि २०१९ मध्ये याबद्दल इशारे दिले होते. रक्त द्यायला जाताना अशी गोळी चालू असेल तर प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना सांगावं.

जुन्या नमुन्यांचं काय

१२ एप्रिल ते चाचणीच्या दिवसापर्यंतच्या नळ्या सरसकट बाद करायच्या का? ज्या नळीचं शेवटचं धुणं पीबीएसमध्ये झालं आणि जिच्यासोबतच्या ओळखीच्या सकारात्मक नमुन्यात शिखर पूर्वीच्या जागी आलं, ती ठेवता येते. बाकीच्या नळ्यांतले आकडे कोणत्याही गुणकाने दुरुस्त होत नाहीत. कड्याखाली पडलेल्या चमकेतून वर किती होतं हे काढता येत नाही. ज्या शेळ्यांच्या न रंगवलेल्या पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या होत्या, त्या वितळवून, दोनदा धुवून पुन्हा रंगवल्या. वितळवल्यावर मेलेल्या पेशी वाढतात, म्हणून जानेवारीचे काही नमुनेही तसेच वितळवून सोबत चालवले. ज्यांच्या पेशी साठवलेल्या नव्हत्या आणि लसीनंतरची ठरलेली तारीख उलटून गेली होती, त्या शेळ्या तक्त्यातून वगळल्या आणि का वगळल्या ते तक्त्याखाली लिहिलं. आरपीएमआयच्या बाटल्यांवर आता मार्करने लिहिलेलं असतं: “बायोटिन आहे. एसए-पीईला नाही.”